एका बैलाला किती मासे

झटपट हे त्याचं खरं नाव नव्हे. सासऱ्याच्या दुकानावर 'झटपट सलून' अशी पाटी होती. सासऱ्याच्या माघारी दुकान याच्याकडे आलं, पाटीही आली आणि नाव याला चिकटलं. चिकटलं ते थट्टेनं. याच्या खुर्चीत सकाळी बसलेलं गिऱ्हाईक जेवायच्या वेळी उठलं, तर लोक म्हणायचे, आज लवकर सुटला. आळशी म्हणाल तर अजिबात नाही. एक केस कापला की त्याला शेजारचा लांब वाटायचा, तो कापला की त्याच्या पलीकडचा. असा अख्ख्या डोक्याला वळसा घालून तो निघालेल्या जागी परत यायचा आणि म्हणायचा, "हा इथला जरा राहिलाय बघा."

तरी गिऱ्हाइकं टिकून होती. घरात ज्यांना कोणी विचारत नसे, असे पुरुष त्याच्याकडे आवर्जून येत. मानेभोवती पांढरं कापड गुंडाळलं की अर्धा दिवस कोणी उठवत नाही, हे सुख दुसरीकडे मिळत नव्हतं.

गाव नदीच्या दोन्ही काठांवर होतं. पूर्वी सगळं एकच होतं. मग कुठेतरी लांब, एका मोठ्या टेबलावर, नदीच्या मधोमध रेघ मारली गेली आणि लोक सकाळी उठून बघतात तो अर्धं गाव परदेश झालेलं. पुलाच्या मध्यावर जकातीची पत्र्याची शेड आली. दोन्ही देशांनी हौसेनं नोटा छापल्या. इकडच्या नोटेवर बैल होता, तिकडच्या नोटेवर मासा. सरकारी कागदांत या चलनांना काय भारदस्त नावं असतील ती असोत, लोक एकाला बैल म्हणत आणि दुसऱ्याला मासा.

सासऱ्याची दुकानं दोन होती, एक या काठावर, एक त्या काठावर. मुलीही दोनच. थोरली ज्याला दिली तो पलीकडचं दुकान बघायचा. धाकटी झटपटला दिली. रेघ पडली तेव्हा सासरा म्हणाला होता, "देशाचे दोन आत्ता झाले, माझे कधीच झाले होते."

पलीकडचा साडू म्हणजे वीज. त्याच्या हाताला चाकं होती आणि जिभेला वंगण. गिऱ्हाईक खुर्चीत टेकेपर्यंत त्याची एक बाजू उरकलेली असायची. दोघा साडूंचं तसं बरं होतं. सुट्टीच्या दिवशी कधी हे तिकडे जात, कधी ते इकडे येत. बायका आत बोलत बसत आणि हे दोघे ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्यांच्या डोक्यांना नावं ठेवत.

मग एका सोमवारी ती बाई आली. हातात छत्री, खांद्याला पिशवी, केसांची वेणी कमरेपर्यंत.

"कटिंग केवढ्याला?"

"दहा बैल."

"बरं," म्हणाली आणि गेली. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही. ती काही लिहून घेत नसे, बसत नसे, पाणीसुद्धा मागत नसे. गल्लीनं तिचं नाव सोमवारबाई ठेवलं.

दुकानाच्या मागेच घर होतं, त्यामुळे धाकटीला सगळं ऐकू जायचं. तिनं एकदा पडदा बाजूला करून विचारलं, "अहो, ही कोण?"

"कोण जाणे. भाव विचारते आणि जाते."

"घासाघीस करते?"

"नाही."

"मग नक्की काहीतरी भानगड आहे. घासाघीस न करता भाव विचारणारी बाई मी जन्मात पाहिली नाही."

पलीकडे साडूकडेही दर सोमवारी एक चष्मेवाला माणूस येऊन असाच भाव विचारून जात असे. साडू त्याला 'वीस मासे' सांगायचा आणि प्रत्येक वेळी केसाच्या तेलाची एक बाटली त्याच्या गळ्यात मारायचा. चष्मेवाल्याच्या डोक्यावर तेल लावण्याजोगं काही नव्हतं, तरी बिचारा मुकाट्यानं घेऊन जायचा.

एका उन्हाळ्यात झटपटचा आरसा तडकला. नवा आरसा काही स्वस्त नव्हता. त्यानं धाकटीशी बोलून कटिंगचे बारा बैल केले. सोमवारी बाईला सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदाच बाकावर बसली.

"बारा?"

"आरसा तडकला ना."

"आरसा," ती म्हणाली, घरचं कोणी गेल्यासारखी. "नीट विचार करून सांगा हं."

"यात विचार कसला? काचवाल्याला पैसे नकोत?"

बाईनं छत्री उचलली आणि निघून गेली.

दोन दिवसांनी पुलाच्या तोंडाशी छत्रीखाली बसून नोटा बदलून देणारा बदल्या दुकानात घुसला. खुर्चीतलं गिऱ्हाईक घाबरून उठलं, अर्धं कापड गळ्यात घेऊनच.

"झटपट, तू केसानं गळा कापलास माझा! एका बैलाला दोन मासे देत होतो मी, तुझ्या जन्माच्या आधीपासून म्हण हवं तर. आज सरकारनं पावणेदोनच्याही खाली आणला. माझ्याकडे पोतंभर बैल पडलेत. मी काय नांगराला जुंपू त्यांना?"

"पण मी काय केलं?"

"तूच केलंस!" बदल्या बाकावर आपटला आणि मग त्यानं सगळं सांगितलं. दोन्ही सरकारांना कुठल्याशा करारापायी दर आठवड्याला दोन्ही चलनांचा दर जाहीर करावा लागे. पण काढायचा कशावरून? इकडे गव्हाला सरकार पैसे घालतं, तिकडे तेलाला. चपला, साबण, बॅटऱ्या रोज पुलाखालून होडीनं ये-जा करतात, त्यांचा खरा भाव एका होडीवाल्याला ठाऊक. शेवटी कुणा उंटावरच्या शहाण्यानं शोधून काढलं, की होडीत घालून नेता येत नाही आणि तरी दोन्ही काठांवर सारखी मिळते अशी एकच गोष्ट आहे: केस कापून घेणं. इकडे दहा बैलांत एक डोकं, तिकडे वीस माशांत एक डोकं; म्हणजे एका बैलाला दोन मासे. झालं अर्थशास्त्र.

"अरे, पण इतकी सलूनं आहेत..."

"सारखी कुठेत? एकाच सासऱ्याची, एकाच घडणीच्या खुर्च्यांची, एकाच नावाची दुकानं दोन देशांत शोधून दाखव. तुम्ही दोघंच आहात. दुर्दैव आमचं."

झटपटचा विश्वास बसला नाही. पण संध्याकाळी रेडिओवर निवेदकानं जड आवाजात सांगितलं, की जागतिक परिस्थितीमुळे बैलाची किंचित घसरण झाली आहे. झटपटनं तडकलेल्या आरशाकडे पाहिलं. जागतिक परिस्थिती वरच्या कोपऱ्यातून खाली गेली होती.

त्याची पाचावर धारण बसली. सोमवारी बाई दारात दिसताच तो ओरडला, "दहा! दहाच!" बाईनं डोळे मिटून श्वास सोडला. नवा आरसा मात्र आला नाही. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकं स्वतःला दोन तुकड्यांत बघत होती.

त्या दिवसापासून त्याच्या आयुष्याचा निवांतपणा संपला. पलीकडून माल आणणारे व्यापारी येऊन बसत आणि म्हणत, "भाव वाढवू नका हं, गरिबांनी कुठे जायचं?" पलीकडे माल पाठवणारे येऊन म्हणत, "कसं परवडतं हो तुम्हाला दहात? वाढवा की जरा!" दोघेही भेटवस्तू आणत. धाकटी त्या उंबऱ्यावरूनच परत करायची. झटपटला मोठ्यानं कुठलाही आकडा उच्चारायची भीती बसली. कोणी घरातली माणसं किती विचारलं, तरी तो बोटं दाखवायचा. ब्लेड महाग झालं, पावडर महाग झाली, पण भाव वाढवायला हात धजेना.

"तुम्ही देश चालवताय की दुकान?" धाकटी म्हणाली.

"मी कुठे चालवतोय? तो माझ्या खुर्चीत येऊन बसलाय, आणि उठत नाही."

साडूला हे कळलं तेव्हा त्याला मात्र फार मजा वाटली. "साडूभाऊ," तो म्हणाला, "म्हणजे आपण दोघं शिंकलो तर दोन राजधान्यांना सर्दी होणार!" झटपटला हसू आलं नाही.

अशी दोन वर्षं सरली, आणि साडूच्या मुलीचं लग्न ठरलं. जावई तिकडचाच, आगबोटीवर तिकिटं फाडायचा. थोरलीनं पुढाकार घेऊन ठरवलं, की लग्नाच्या सकाळी नवरदेवाचे केस कापायचा मान झटपटला द्यायचा. "तुमचा हात सुबक आहे, भावोजी. आमच्या यांचा म्हणजे मेंढरं कातरल्यासारखा."

झटपट हरखला. लग्नाच्या दिवशी भल्या पहाटे पूल ओलांडून गेला. नवरदेवाला अंगणात बसवलं आणि कामाला लागला. असं कापत होता, जणू पुढच्या सगळ्या पिढ्या हे डोकं बघणार आहेत. ऊन वर आलं. पाहुणे आले. वाजंत्री आली आणि दोनदा वाजवून दमली. घरातून निरोप यायचे, "झालं का?" आणि झटपट म्हणायचा, "हा कानामागचा तेवढा."

डावी बाजू पुरी झाली होती. खरोखर देखणी झाली होती. उजवीला अजून कात्री लागायची होती. एवढ्यात साडू नव्या कपड्यांत तरातरा आला, त्यानं नवरदेवाकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, खिशातून मशीन काढलं आणि सगळ्यांसमक्ष खर्रकन उजवी बाजू उडवून दिली. "उठा जावईबापू. मुलगी म्हातारी व्हायच्या आत लग्न लागलेलं बरं."

पाहुणे खो खो हसले. फोटोग्राफरनं फोटो काढला. फोटोत नवरदेव डावीकडून राजबिंडा दिसत होता आणि उजवीकडून नुकताच सुटलेला कैदी.

झटपटनं कात्री पुसली, खोक्यात ठेवली आणि न जेवता निघाला. धाकटीनं भरलं ताट सरकवलं आणि त्याच्यामागून निघाली. पुलावर ती म्हणाली, "बिनपाण्यानं केली हो तुमची, चारचौघांत."

"अर्धंच डोकं माझं आहे," झटपट म्हणाला, "आणि लोकांना वाटणार पूर्ण माझं."

बोलणं बंद झालं. साडूलाही वाटत होतं, की मानाच्या दिवशी झटपट जेवल्याशिवाय उठून गेला, म्हणजे अपमान झाला तो आपला. महिनाभर त्यानं वाट पाहिली आणि मग दारावर फळी लावली: 'कटिंग दहा मासे. पूर्ण डोकं.' 'पूर्ण'खाली दोन रेघा होत्या.

भाव एका फटक्यात निम्मा. सोमवारी चष्मेवाला फळी वाचून मटकन बसला, तेलाची बाटली न घेताच गेला. इकडे बैल कोसळला. एका बैलाला एकच मासा.

झटपटची गिऱ्हाइकं आधी पुलापलीकडे धावली, स्वस्तात डोकं करून घ्यायला. पण पुलावर नोटा बदलाव्या लागत. दहा बैल दिले की आता दहाच मासे मिळत, आणि दहा माशांत एक कटिंग. म्हणजे खर्च किती? दहा बैल. तंगडतोड वर.

बदल्यानं कपाळाला हात लावून झटपटला समजावलं, "तुम्ही दोघं कितीही भाव पाडा, गिऱ्हाइकाला फरक पडणार नाही. सोमवार आला की दर जागेवर येतो. फरक पडतो तो बाकीच्या जगाला."

बाकीच्या जगाला तो पडतच होता. पलीकडून येणाऱ्या सगळ्या वस्तू दुप्पट महाग झाल्या. धाकटी बाजारातून आली ती तणतणतच. "साबण दुप्पट! तुमच्या साडूचा माझ्या साबणावर काय राग आहे?"

शहाण्या माणसानं इथे कानाला खडा लावला असता. झटपटनं पाच बैलांची फळी लावली. बैल उसळला. साडू पाच माशांवर आला. बैल बसला. झटपट दोनवर आला. बैल पुन्हा उठला. बाजारात दुकानदार सकाळी लावलेला भाव दुपारी पुसत. बदलून मिळणाऱ्या नोटांच्या भरवशावर लग्न ठरवलेले लोक लग्नं पुढे ढकलत. राजधानीतल्या वर्तमानपत्रांत मोठमोठे लेख आले, की यामागे परकीय हात आहे. त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. हात परकीयच होता, फक्त त्यात मशीन होतं.

शेवटी झटपटनं फळीवर लिहिलं: 'फुकट'. त्याच दिवशी पलीकडे लागली: 'फुकट, वर चहा'.

सोमवारबाईनं फळी वाचली. "फुकट म्हणजे?"

"शून्य."

"तिकडेही शून्यच आहे," ती म्हणाली आणि तिनं दाराची चौकट धरली. "अहो, शून्याला शून्यानं भागता येत नाही. शाळेत शिकवलं नाही का तुम्हाला?"

"बाई, मला डोकी येतात. भागाकार तुमचा तुम्ही बघा."

त्या संध्याकाळी सगळी गल्ली रेडिओभोवती जमली. निवेदक म्हणाला, "आज एका बैलाला..." मग कागद फडफडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी कुजबुजलं. मग तो म्हणाला, "बातम्या संपल्या," आणि सनई लागली.

साडू पुरा चेकाळला होता. त्यानं जाहीर केलं, की जो केस कापून घेईल त्याला वर दोन मासे रोख. आता केस कापून घेणं हा धंदा झाला. पलीकडचे लोक सकाळी येत, दुपारी टोपी बदलून पुन्हा येत. आठवड्याभरात त्या काठावर धड केस असलेला पुरुष उरला नाही. झटपटला ते परवडणारं नव्हतं. शिल्लक कधीच संपली होती. त्यानं रागारागानं फुकटची फळी उतरवली आणि दोन बैल भाव लावला. इकडे दोन बैल घ्यायचे, तिकडे दोन मासे द्यायचे. सरकारनं इमानेइतबारे भागाकार केला आणि जाहीर केलं: एका बैलाला उणे एक मासा.

बदल्या तो कागद घेऊन झटपटकडे आला. रागावण्याच्या पलीकडे गेला होता तो. "झटपट, याचा अर्थ सांग. गिऱ्हाईक मला बैल देणार, आणि मी त्याला मासा द्यायच्या ऐवजी त्याच्याकडूनच मासा घ्यायचा?"

"तसंच दिसतंय."

"मग मी त्याला द्यायचं काय?"

"ते सरकारनं सांगितलं नाही?"

"नाही. काल एक म्हातारा आला. मी दर सांगितला. त्यानं बैल दिला, मासा दिला, नमस्कार केला आणि गेला. म्हणाला, सरकार म्हणतंय तर असेल काहीतरी." बदल्याचे डोळे भरून आले. "मला रात्री जेवण गेलं नाही रे."

झटपटला त्या म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं. रागाच्या भरात आपण कुठवर आलो, हे त्याला पहिल्यांदा दिसलं. आपलं डोकं अर्धवट राहिलं म्हणून एक अनोळखी माणूस दोन्ही खिसे रिकामे करून घरी गेला. पण माघार घ्यायची तरी कशी? पाय पुलाकडे वळत, आणि तो फोटो आठवला की परत फिरत.

आठवड्याभरात दोन्ही राजधान्यांतून गाड्या आल्या. बोलणी जकातीच्या शेडमध्ये ठेवली, बरोब्बर रेघेवर. टेबलाचे दोन पाय या देशात, दोन त्या देशात. इकडचे सचिव, तिकडचे सचिव, दोघांचे मदतनीस, आणि दुभाषे. दोन्ही काठांची भाषा एकच, त्यामुळे दुभाषे जे ऐकत तेच जरा मोठ्यानं म्हणत. टेबलाच्या एका टोकाला झटपट, दुसऱ्याला साडू. मागे भिंतीला टेकून धाकटी आणि थोरली, एकमेकींकडे न बघता.

इकडच्या सचिवांनी घसा साफ केला. "वादाचा मुद्दा काय?"

"डोकं," झटपट म्हणाला.

"डोकं," दुभाष्या मोठ्यानं म्हणाला.

"डावी बाजू माझी होती," झटपट पुढे म्हणाला. "ती मी मनापासून केली. उजवी यांनी बळकावली."

दोन्ही सचिव सावध झाले. तिकडचे सचिव म्हणाले, "डावे-उजवे हा दोन्ही देशांचा अंतर्गत प्रश्न आहे. त्यात आम्ही पडणार नाही."

"अहो, जावयाच्या डोक्याची डावी!" साडू ओरडला. "आणि बळकावली कसली? हा डाव्या बाजूला पोचला तेव्हा सूर्य उगवत होता, उजवीला पोचला असता तेव्हा मावळला असता!"

"सूर्य मावळला असता," दुभाष्या दुःखानं म्हणाला.

सचिवांनी बराच वेळ खल केला आणि तोडगा काढला. नवरदेवाला बोलवायचं, आता त्याचे केस वाढले असतील. दोन्ही शिष्टमंडळांसमोर झटपटनं उजवी बाजू कापायची आणि साडूनं डावी, म्हणजे फिटंफाट. निवेदनाचा मसुदाही तयार झाला. जावयाला आगबोटीवरून आणलं. तो शेडमध्ये आला, सगळ्यांना नमस्कार केला आणि टोपी काढली.

डोकं गुळगुळीत होतं. खाली पाहिलं तर छप्पर दिसावं असं.

"हे काय?" थोरली किंचाळली.

"रोज सगळे डोक्याकडेच बघायचे, सासूबाई. तिकिटं कोणी दाखवीना. म्हणून बंदरावरच्या दुकानात जाऊन सगळंच काढून टाकलं."

झटपट हळूहळू उठला. साडूही उठला. दोघे दोन बाजूंनी जावयापाशी गेले. झटपटनं त्याची मान हलकेच खाली वाकवली.

"साडूभाऊ," तो म्हणाला, "हे बघा."

साडू वाकला. "अरे देवा. कानामागे सोडलंय."

"आणि इथे वस्तरा उलटा फिरवलाय. पुळ्या आल्यात."

"कुणी केलं रे हे? बंदरावरचा तो मिशावाला? त्याला तर मेंढीसुद्धा उभी राहणार नाही!"

"तुरटी तरी लावली का त्यानं?"

"नाही," जावई खाली मान घालून म्हणाला.

"तुरटीसुद्धा नाही!" दोघे एकदमच म्हणाले. झटपटचं खोकं जवळच होतं. त्यानं तुरटी काढली, साडूनं पाणी मागितलं, आणि दोन देशांचे सचिव टेबलाशी बसलेले असताना दोघांनी मिळून ते डोकं पुन्हा नीट केलं. साडूची बाजू लगेच झाली. मग तो हात बांधून उभा राहिला आणि झटपटची बाजू संपेपर्यंत थांबला. तिकडचे सचिव बसल्या बसल्या घोरू लागले, पण साडूनं 'आटपा' म्हटलं नाही. धाकटी आणि थोरली कधीच बाहेर कठड्यापाशी जाऊन बोलत उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांचं ते साबणावर सुरू झालेलं बोलणं संपायला दोन देशांच्या बोलण्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी इकडे दहा बैल, तिकडे वीस मासे. दर जागच्या जागी. दोन्ही सरकारांनी मात्र धसका घेतला आणि त्यानंतर अंड्याच्या भावावरून दर काढायचं ठरवलं. अंडं घालणारीला साडू नसतो, हे त्यामागचं कारण असावं. सोमवारबाई शेवटची येऊन तसं सांगून गेली. झटपटनं तिला पाणी विचारलं, तिनं पहिल्यांदाच घेतलं.

त्यानंतर झटपटला भाव वाढवायची मोकळीक मिळाली. नवा आरसा आला, पुढे पंखाही आला. तो भाव वाढवायचा आणि जगात काहीच व्हायचं नाही. आधी त्याला हायसं वाटलं, मग थोडं चुकल्या-चुकल्यासारखं, आणि मग त्याची आठवणही राहिली नाही. दोन्ही घरांची नातवंडं झाली. जावयाचे केस पुन्हा आले, पण पूर्वीसारखे नाहीत.

बऱ्याच वर्षांनी साडूच्या हाताला कंप सुटला. ज्या हाताला चाकं होती, तो कपसुद्धा धरीना. दुकान बंद झालं. तेव्हापासून झटपट आठवड्यातून एकदा पूल ओलांडून त्याची दाढी करायला जाऊ लागला.

एका दुपारी तो गेला तर साडू खाटेवर बसून हसत होता. त्याच वर्षी पलीकडच्या सरकारनं मासा रद्द करून नव्या नोटा काढल्या होत्या. नव्या नोटेवर धरण होतं. जुन्या बदलून घ्यायची मुदत उलटून गेली, आणि थोरलीला त्या दिवशी कपाटावर बिस्किटांचा एक डबा सापडला होता, काठोकाठ माशांनी भरलेला. साडूनं कधीतरी लपवून ठेवले आणि विसरून गेला.

"हसताय काय?" थोरली म्हणाली. "यात एक अख्खी खोली झाली असती वर."

"झाली असती तर झाडायला तुलाच लागली असती," साडू म्हणाला. "साडूभाऊ, आज वर्तमानपत्र नाही आलं. वस्तरा पुसायला हे घ्या."

झटपटनं फेस केला, गालाला लावला. वस्तऱ्याचा पहिला हात फिरवला आणि घुटमळला. मग डब्यातून एक मासा उचलला, पातं त्याच्यावर पुसलं आणि तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. नोट जुनी, पण कागद चांगला होता. फेस छान धरत होता.

"कसा आहे?" साडूनं डोळे मिटूनच विचारलं.

"वर्तमानपत्रापेक्षा बरा. शाई लागत नाही."

"चांगलाच छापायचे तेव्हा," साडू म्हणाला आणि मान मागे टाकली. झटपटनं दुसरी नोट घेतली, आणि हनुवटीखालचा एक केस राहिल्यासारखा वाटला म्हणून तिसरीही.